तालमीतल्या पंज्यांवर लघुप्रबंध: असद, गिर्ट्झ वगैरे कुठून सुरू करू?

करवीर_समाजशास्त्र:
एम. ए. समाजशास्त्र, शिवाजी विद्यापीठ, शेवटचं वर्ष. लघुप्रबंधाला कोल्हापुरातल्या तालमींमध्ये मोहरमला बसणारे पंजे (हाताच्या आकाराची धातूची निशाणं) हा विषय घेतलाय. दुर्खीम आणि गिर्ट्झ हे धर्माचे अभ्यासक अभ्यासक्रमात होते. जे वाचतेय त्यात एकीकडे 'ग्रंथातला इस्लाम', दुसरीकडे 'लोकांचा इस्लाम' अशी वाटणी दिसते आणि तालमीतलं सगळं आपोआप दुसऱ्या खान्यात जातं. हे मला पटत नाही, पण का ते मांडता येत नाही. कोणत्या क्रमानं वाचू आणि फील्डवर नेमकं काय विचारू?

पोथी_आणि_पार:
तुम्हाला जे खटकतंय त्यावरच इस्लामच्या मानवशास्त्रात मोठा वाद झाला, म्हणून वाचनही वादाच्या क्रमानंच करा. आधी गिर्ट्झचं 1968 चं मोरोक्को आणि इंडोनेशियाची तुलना करणारं पुस्तक. मग मानवशास्त्रज्ञ एल-झैनचा 1977 चा लेख. त्याचं म्हणणं, विश्लेषणासाठी 'एक इस्लाम' अशी वस्तूच हाती लागत नाही. मग 1981 चा गेल्नर, ज्याच्याकडे शहरी उलेमांचा ग्रंथनिष्ठ इस्लाम आणि टोळ्यांमधला पिरांचा इस्लाम यांत लंबक हलत राहतो. तुम्हाला सलणारी वाटणी त्याच्याकडे सर्वात ठळक दिसेल.

हे झाल्यावरच मानवशास्त्रज्ञ तलाल असद यांचा 1986 चा निबंध घ्या. लहान आहे, पण घाईनं वाचाल तर हातात फक्त 'डिस्कर्सिव्ह ट्रॅडिशन' (युक्तिवादातून चालत आलेली परंपरा) हा शब्द राहील. गाभा असा: मुसलमान जिथून सुरुवात करतात तिथून, म्हणजे कुराण आणि हदीसपासून, अभ्यासकानंही सुरुवात करावी. पण ती यादी म्हणून नव्हे. योग्य आचरण कोणतं यावर पिढ्यान् पिढ्या चाललेला युक्तिवाद आणि त्यामागचा अधिकार, हा अभ्यासविषय. पंजा बसवणं इस्लामी आहे का, याचा निवाडा तुम्ही द्यायचा नाही. कोण, कुणाला, कशाच्या आधारावर सांगतो आणि कुणाचं ऐकलं जातं, हे टिपायचं.

एका उदाहरणात खाने कसे मोडतात बघा. अहमद रझा खान बरेलवी (1856-1921) यांनी औलियांच्या आदराची बाजू हिरिरीनं मांडली, म्हणून त्यांना 'दर्ग्याच्या बाजूचे' धरलं जातं. पण त्यांच्या काळी रूढ असलेल्या ताजियादारीला (मोहरमला ताबूत बसवण्याला) त्यांनी नाजायज ठरवलं. म्हणजे दर्ग्यावर गलेफ (चादर) चढवणारा माणूस पंज्याला हरकत घेऊ शकतो, आणि दोन्ही वेळा तो परंपरेच्या आतूनच बोलत असतो.

भारतापुरतं म्हणाल तर भारतीय मुसलमानांच्या विधींवरचा, इम्तियाज अहमद यांनी संपादित केलेला 1981 चा खंड, त्यावर 1983 मध्ये फ्रान्सिस रॉबिन्सनने घेतलेले आक्षेप आणि 1984 चा वीणा दास यांचा लेख, हे सलग वाचा. तिन्ही नाही वाचलीत तर तोंडी परीक्षेत अडाल.

नोंदवही:
फील्डवर्कचं सांगतो. पहिली चूक तारखांत होते. हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे खत्तलरात्र (आशुराची, म्हणजे मोहरमच्या दहाव्या दिवसाची रात्र) आपल्या कॅलेंडरवर आशुराच्या आदल्या दिवशी पडते. प्रत्येक नोंदीवर इंग्रजी तारीख, मोहरमचा चांद (कितवा दिवस) आणि वेळ, तिन्ही लिहा. हिजरी वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान असतं. म्हणूनच 2018 ते 2020 मोहरम आणि गणेशोत्सव लागून आले. बाबूजमाल तालमीसारख्या ठिकाणचा जुना फोटो किंवा बातमी वापरताना वर्ष आधी पक्कं करा. गणपती आणि पंजा शेजारी दिसले म्हणून दरवर्षी तसंच असतं असं लिहू नका.

'हे का करता?' हा प्रश्न पहिल्या भेटीत नको. त्यावर ऐक्याचं तयार भाषण मिळतं. त्याऐवजी विचारा: अलाव्यासाठी (आग पेटवायच्या खड्ड्यासाठी) कुदळ कोणी मारली? पंजा कोणी धुतला? ऊद कुणाच्या घरून आला? फातेहा कोणी दिला? नाल (घोड्याच्या नालेच्या आकाराचं निशाण) उचलायचा मान कुणाचा, तो नसेल तर कुणाचा? अलाव्याची जागा कधी बदलली? 'का' त्यातूनच बाहेर येतं.

वहीत प्रत्येक विधानापुढे एक रकाना ठेवा: आधार कशाचा दिला? कुराण, हदीस, मौलानांचं बयान, 'आमच्या आज्यापासून आहे', की नवस फेडायचा होता. असद यांचा सिद्धांत फील्डवर वापरायचा तो या रकान्यात.

फक्त तालमीत बसून राहू नका. चोंगे आणि मलिदा हे मोहरमचे गोड पदार्थ करणाऱ्या घरांतल्या बायका, मुजावर (दर्ग्याची, पंज्याची सेवा करणारे), आणि पंजे न बसवणाऱ्या मशिदीचे इमाम, तिघांकडे जा. बागवान, शिकलगार, अत्तार, मोमीन असा बिरादरीचा तपशील विचारा, पण नावासकट छापू नका. रेकॉर्डिंगआधी संमती घ्या. विशाळगडाच्या 2024 च्या अतिक्रमणविरोधी आंदोलनातल्या हिंसाचारानंतर लोक सावध आहेत, तेव्हा आधी ओळख, मग मोबाईल.

जुन्या इनामांसाठी पुराभिलेखागार बघा, मोडी वाचणारं कोणी सोबत असू द्या. 1886 चं कोल्हापूरचं गॅझेटियर चाळा, पण वर्गवारी वसाहती अधिकाऱ्यांची आहे हे लक्षात ठेवून.

उंबरठा:
वरचं सगळं मान्य, पण असद यांच्यावरच थांबू नका. त्यांच्या वाटेनं जाणारं सबा महमूद यांचं कैरोतल्या मशिदींमधल्या स्त्रियांवरचं 2005 चं काम उत्तम आहे. तरी त्यात सतत सजगपणे धर्म पाळणारी माणसं दिसतात. 2010 मध्ये सॅम्युली शील्केनं हाच आक्षेप घेतला: इस्लामच्या मानवशास्त्रात इस्लाम जास्त आणि रोजचं जगणं कमी. तालमीतला पोरगा मिरवणुकीत नाचतो, रोजा चुकवतो, पंज्याला मात्र चप्पल घालून शिवत नाही. त्याला 'परंपरेतला युक्तिवाद' म्हणून बसवलंत तर जबरदस्ती होईल.

आणि पंजे म्हणजे शिया, असं धरून इराणवरचे अभ्यास लावू नका. इथे बसवणारे बहुतेक सुन्नी आणि हिंदू आहेत.

करवीर_समाजशास्त्र:
क्रम लागला, आभार. तेवढंच विचारते: ज्या हिंदू घरांकडे पंज्याचा मान आहे, ती असद यांच्या चौकटीत कुठं बसतात?

पोथी_आणि_पार:
सरळ बसत नाहीत, आणि तुमच्या प्रबंधाचं सर्वात चांगलं प्रकरण तिथंच आहे. ते हदीसचा आधार देत नाहीत, पण कोणता आधार देतात? बहुधा मान आणि वहिवाट. तोच आधार मुजावरही देतो का, आणि मौलानांसमोर तो टिकतो का, हे तपासा. हिंदू मानकरी, मुसलमान मानकरी आणि पंज्याला हरकत घेणारे, तिघांना एकाच वर्षाच्या एकाच प्रसंगाबद्दल वेगवेगळं बसवून विचारा. तिन्ही उत्तरं शेजारी मांडा आणि मगच सिद्धांताचं प्रकरण लिहायला घ्या.