जठरातल्या शिरेत ग्लू भरला, आता इथली सोनोग्राफी पुरेल का?

धानोरा_एमओ: रुग्ण ४८ वर्षांचा, सिरॉसिस (लिव्हर कडक होण्याचा आजार). रक्ताची उलटी झाली म्हणून नागपूरला फंडसच्या (जठराचा वरचा भाग) फुगलेल्या शिरेत (आयजीव्ही-१ प्रकार) लिपिओडॉलसोबत (एक्स-रेत दिसणारं तेल) ग्लू, म्हणजे रक्तात घट्ट होऊन शीर बुजवणारं औषध, भरला. नातेवाईक म्हणतात, नागपूरची चक्कर नको, शीर बंद झाली का ते इथल्याच सोनोग्राफीत बघा. चालेल?

रेडिओ_वर्धा: नाही. फंडस बरगड्यांआड, त्यात जठरातली हवा. सोनोग्राफी दर ६ महिन्यांनी लिव्हरची गाठ आणि पोटातलं पाणी बघायला लागेलच, पण शिरेसाठी ट्रिपल फेज सीटी, म्हणजे कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं रंगद्रव्य) टोचून वेगवेगळ्या वेळी काढलेला. आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करा. आणि साधा, कॉन्ट्रास्टविना फेज वगळू देऊ नका! लिपिओडॉल मुळातच पांढरंशुभ्र दिसतं. नुसता कॉन्ट्रास्टचा फेज पाहिला की तो गोळा वाहतं रक्त वाटतो अन् बुजलेली शीर चालू म्हणून रिपोर्ट होते. साध्या फेजमध्ये करडी आणि पोर्टल फेजमध्ये, म्हणजे साधारण ७० सेकंदांनी उजळणारी, तीच चालू.

गॅस्ट्रो_नागपूर: त्याआधी दुर्बीण (एंडोस्कोपी), २ ते ४ आठवड्यांनी. सुई आत ओढलेल्या नळीच्या टोकाने शीर दाबून बघतात. टणक लागली तर भरली, मऊ दबली तर पुन्हा ग्लू. एका टोचणीत १ मिलीच्या आसपास, कारण एकदम जास्त ढकलला तर शंटमधून (शिरांना जोडणारी आडवाट) फुफ्फुसात जाण्याची भीती. नळी सलाइनने धुतली तर ग्लू आतच घट्ट होतो, म्हणून डिस्टिल्ड वॉटर. पुढे काही आठवड्यांत, कधी महिन्यांनी ग्लूचा तुकडा जठरात सुटतो. अर्धवट लोंबताना दिसला तरी ओढायचा नाही, रक्त सुरू होतं.

धानोरा_एमओ: आणि पुन्हा रक्तस्राव झाला तर?

गॅस्ट्रो_नागपूर: तुमच्याकडे सेफ्ट्रियाक्झोन (अँटिबायोटिक) १ ग्रॅम, असेल तर टर्लिप्रेसिन (पोर्टल दाब उतरवणारं औषध), हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तरच रक्त, आणि १०८ ने रवाना. जास्त रक्त चढवलं की पोर्टल दाब (आतड्यांकडून लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेतला) वाढतो. गॅस्ट्रोरीनल शंट (जठराच्या शिरांना डाव्या किडनीच्या शिरेशी जोडणारा) मोठा असेल तर बीआरटीओ: डाव्या किडनीच्या शिरेतून शंटमध्ये फुगा फुगवून औषध भरतात. शीर छान बुजते, पण अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, पोटात पाणी वाढतं. दुर्बीण सुटत नाहीच.

रेडिओ_वर्धा: सीटीच्या चिठ्ठीवर स्प्लीनिक (प्लीहेची) शीर उघडी आहे का तेही विचारा. ती गुठळीने बंद असेल तर उपचाराची दिशाच बदलते. नागपूरला जुनी सीडी आणि ग्लूची तारीख लिहिलेला कागद पाठवा, नुसत्या रिपोर्टवरून तुलना होत नाही.