मदत हवी आहे: पोलिसांच्या लष्करी सामग्रीच्या अहवालावर सिटी कौन्सिलमध्ये काय विचारू?

तळ्यातमळ्यात

नमस्कार मंडळी. आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या एका मध्यम आकाराच्या गावात राहतो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. पुढच्या मंगळवारी आमच्या सिटी कौन्सिलपुढे पोलीस खात्याचा 'लष्करी सामग्रीचा वार्षिक अहवाल' येतोय. एबी ४८१ हा राज्याचा कायदा २०२१ मध्ये झाला, त्यानुसार दरवर्षी हा अहवाल मांडावा लागतो असं कळलं. अहवाल उघडून बसले. ड्रोन, एक चिलखती गाडी, ४० मिलिमीटरचे लाँचर, फ्लॅशबँग (मोठा आवाज आणि झगझगाट करणारे बॉम्ब), मिरीच्या गोळ्या, अश्रुधूर. पुढे तक्ते आणि मग 'कोणतीही तक्रार नाही' असं एक वाक्य.

मला तिथे उभं राहून बोलायचंय. तीन मिनिटं मिळतात. मी पोलिसांच्या विरोधात नाही, पण ही यादी वाचून जे प्रश्न पडले ते घरात बडबडण्यापेक्षा तिथे विचारावेत असं वाटतं. नवरा म्हणतो, आपण अजून ग्रीन कार्डवाले, कशाला पुढे पुढे करायचं?

खरं सांगायचं तर नगरपालिका पोलिसांना परवानगी देते हेच मला पचायला वेळ लागला. आपल्याकडे पोलीस गृहखात्याचे. पुण्याच्या नगरसेवकाने पोलीस आयुक्तांना 'तुमच्या शस्त्रागारात काय आहे ते सभागृहात मांडा' म्हटलं तर काय होईल, कल्पना करा.

तर प्रश्न असे: नागरिक नसलेल्याला बोलता येतं का? कौन्सिलला खरंच 'नाही' म्हणता येतं, की हा नुसता सोपस्कार? आणि 'धन्यवाद, पुढचे वक्ते' एवढ्यावर बोळवण होणार नाही असं काय विचारावं?

जुना गडी

पहिल्याचं उत्तर सोपं. बिनधास्त बोला. कॅलिफोर्नियातल्या सगळ्या स्थानिक सभांना ब्राऊन अ‍ॅक्ट, म्हणजे सभा लोकांसाठी खुल्या ठेवायला लावणारा राज्याचा कायदा, लागू आहे. अजेंड्यावरच्या विषयावर जनतेतल्या कोणालाही बोलता येतं, नागरिकत्व विचारत नाहीत. सभेला बसण्यासाठी नाव नोंदवायची सक्तीही करता येत नाही. बोलण्यासाठी जी चिठ्ठी देतात तिच्यावर नावाची जागा असते, ती भरणं ऐच्छिक. फक्त सभेचं चित्रीकरण होतं आणि ते वर्षानुवर्षं संकेतस्थळावर राहतं, हे धरून चाला. तेवढंही नको असेल तर सिटी क्लार्कला ईमेल करा, तो कौन्सिल सदस्यांकडे जातो.

माझा अनुभव असा की ईमेल आणि बोलणं दोन्ही करावं. ईमेल चार-पाच दिवस आधी गेला तर एखादा सदस्य तुमचा प्रश्न स्वतः पोलीसप्रमुखांना विचारतो. तुम्ही विचारलात तर प्रमुखांनी उत्तर दिलंच पाहिजे असं नसतं, पण सदस्याने विचारलं तर द्यावंच लागतं.

खडूस

माफ करा ताई, पण मला हा सगळा उद्योगच पटत नाही. मी २६/११ला मुंबईत होतो. सीएसएमटीवर एके-४७ समोर आपल्या पोलिसांच्या हातात काय होतं आठवतंय? जुनाट .३०३ रायफली. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक धरली तेव्हा त्यांच्याकडे लाठी होती. तेव्हा सगळा देश ओरडत होता की पोलिसांना हत्यारं द्या. आता इथे येऊन आपण विचारायचं की गाडी कशाला घेतली?

अमेरिकेतही हेच घडलंय. १९९७ मध्ये लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलीवूडमध्ये अंगभर चिलखत घातलेल्या दोन बँक दरोडेखोरांवर पोलिसांची पिस्तुलं चालेनात. जवळच्या बंदुकीच्या दुकानातून रायफली आणायची वेळ आली. त्यानंतर गस्तीच्या पोलिसांना रायफली मिळाल्या.

तळ्यातमळ्यात

@खडूस, तुमचा मुद्दा मान्य आहे आणि तो मला खोडायचाही नाही. ओंबळे यांच्याकडे हत्यार असायला हवं होतं. पण आमच्या गावातली गाडी गेल्या वर्षी कशासाठी बाहेर काढली, हे विचारल्याने कोणाच्या हातातलं हत्यार जात नाही ना?

कोयना

मी एका शेजारच्या शहरात हे अहवाल पहिल्या वर्षापासून वाचतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कौन्सिलला 'नाही' म्हणता येतं. हा कायदा १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. आधीपासून वापरात असलेल्या सामग्रीसाठी खात्यांना १ मे २०२२ पर्यंत मंजुरीची प्रक्रिया सुरू करायची होती. धोरण सादर केल्यापासून १८० दिवसांत मंजुरी मिळाली नाही तर वापर थांबवायचा, असं कायद्यातच आहे. मंजुरी देताना कौन्सिलला चार गोष्टी ठरवाव्या लागतात. ही सामग्री गरजेची आहे, कारण पोलिसांची आणि नागरिकांची तेवढीच सुरक्षितता साधणारा दुसरा वाजवी पर्याय नाही. धोरणामुळे लोकांचं हित आणि नागरी हक्क जपले जातील. नवीन खरेदी असेल तर ती खर्चाच्या दृष्टीने वाजवी आहे. आणि आधीचा वापर त्या वेळच्या धोरणाला धरून झाला होता. वार्षिक अहवाल पाहून एखादा प्रकार या कसोट्यांत बसत नाही असं कौन्सिलला दिसलं, तर त्याची परवानगी काढावी तरी लागते किंवा धोरण बदलून घ्यावं लागतं.

तुमचे प्रश्न या चार कसोट्यांच्या भाषेत मांडा. 'पोलिसांना रणगाडे कशाला हवेत' म्हणालात की टाळ्या पडतात आणि विषय संपतो. (रणगाडा म्हणूच नका. तो रणगाडा नसतो, आणि प्रमुखांची दोन मिनिटं तेच समजावण्यात जातात.) त्याऐवजी एकच सामग्री धरा आणि विचारा की अमुक प्रसंगी दुसरा कोणता पर्याय तपासला होता.

आता अहवालात काय नसतं ते पाहा. पन्नास कॅलिबरपेक्षा (म्हणजे अर्ध्या इंचाच्या नळीपेक्षा) लहान खास रायफली कायद्याच्या व्याख्येत येतात, पण अधिकाऱ्यांना दिलेली 'नेहमीची सेवाशस्त्रं' त्यातून वगळली आहेत. सगळी मेख इथे आहे. 'एआर-१५ धाटणीच्या रायफली ही आमची नेहमीची सेवाशस्त्रंच' असं खात्याने ठरवलं की त्या यादीतून गायब होतात. काही खाती त्या रायफलीही पारदर्शकतेसाठी म्हणून दाखवतात, काही नाही दाखवत. तुम्ही सांगितलेल्या यादीत रायफली दिसत नाहीत, तर हा प्रश्न तुमच्यासाठीच आहे. खात्याकडे किती आहेत, आणि त्यांना 'नेहमीची' कोणी आणि कोणत्या कागदावर ठरवलं?

दुसरं, पडताळणी. एबी ४८ हा त्याच वर्षीचा वेगळा कायदा आहे. जमाव पांगवण्यासाठी रबरी गोळ्या किंवा अश्रुधूर वापरला तर प्रत्येक घटनेचा सारांश साधारण ६० दिवसांत संकेतस्थळावर टाकावा लागतो. तो सारांश आणि वार्षिक अहवाल शेजारी शेजारी ठेवून बघा. आमच्याकडे दोन्हींतले आकडे जुळत नव्हते. तेवढ्या एका प्रश्नावर अहवाल दुरुस्तीला परत गेला.

खर्चाचंही पाहा. खरेदीबरोबर मनुष्यबळ, प्रशिक्षण, वाहतूक, देखभाल, साठवण हे सगळं आणि पैसा कुठल्या खात्यातून येणार ते द्यायचं असतं. पुष्कळ अहवालांत नुसती खरेदीची किंमत असते.

वरणफळ

'लष्करी' शब्दाने फसू नका एवढंच सांगतो. या यादीतलं बरंचसं लष्कराकडून आलेलंच नसतं. लष्कराची शिल्लक सामग्री पोलिसांना देण्याची जी योजना आहे ती १०३३ नावाने ओळखली जाते, १९९७ च्या संरक्षण खर्चाच्या कायद्यातलं ते कलम. त्यात वस्तू चकटफू मिळते, वाहतूक आणि देखभाल आपल्या बोकांडी. पण शहरातल्या पोलिसांकडे दिसणारी बेअरकॅट ही चिलखती गाडी बहुतेक वेळा लेन्को या कंपनीकडून विकत घेतलेली असते, अनेकदा केंद्राच्या अनुदानातून. ड्रोन तर दुकानातलेच. पण मिळालं कुठूनही असलं तरी एबी ४८१ लागू होतो.

चकटफूचा किस्सा म्हणजे डेव्हिस. सॅक्रामेंटोजवळचं विद्यापीठाचं गाव. २०१४ मध्ये त्यांच्या पोलिसांनी १०३३ मधून एमरॅप घेतली. ही सुरुंगाला तोंड देण्यासाठी इराक-अफगाणिस्तानात वापरलेली गाडी, किंमत ६,८९,००० डॉलर. त्याच ऑगस्टमध्ये पोलिसांच्या गोळीने एक कृष्णवर्णीय तरुण गेला आणि मिसुरी राज्यातलं फर्ग्युसन शहर पेटलं, टीव्हीवर रस्त्यात उभ्या चिलखती गाड्या दिसल्या, आणि डेव्हिसच्या लोकांनी कौन्सिलचं सभागृह भरून टाकलं. कौन्सिलने सांगितलं, ६० दिवसांत परत करा. तेव्हा एबी ४८१ नव्हता, म्हणजे गाडी आधी आली आणि चर्चा नंतर झाली. आता क्रम उलटा आहे.

वॉशिंग्टनच्या भरवशावर मात्र राहू नका. ओबामांनी २०१५ मध्ये संगिनी, ग्रेनेड लाँचर, रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्या बंद केल्या आणि इतर काही सामग्रीसाठी स्थानिक सभागृहाची संमती घ्यायला लावली. ट्रम्प यांनी २०१७ मध्ये ते रद्द केलं. बायडेन यांनी २०२२ मध्ये पुन्हा बंधनं आणली, ती २०२५ मध्ये गेली आणि त्याच एप्रिलमध्ये शिल्लक सामग्रीचा पुरवठा वाढवायचा आदेश निघाला. तिकडे हा लंबक चालायचाच, टिकून आहे तो राज्याचा कायदा.

खडूस

सॅन फ्रान्सिस्कोचं काय झालं ते पण सांगा की. २०२२ मध्ये याच कायद्याखाली धोरण आलं आणि त्यात पोलिसांच्या रोबोटला स्फोटकं लावून माणूस मारायची मुभा होती. सुपरव्हायझर्सनी (तिथल्या कौन्सिल सदस्यांनी) ८ विरुद्ध ३ मतांनी मंजूरही केलं. आठवड्याभरात बोंब झाली आणि मागे घेतलं. असल्या धरसोडीला देखरेख म्हणायचं?

कोयना

धोरण लेखी मांडावं लागलं म्हणून ते वाक्य लोकांच्या नजरेत तरी आलं. २०१६ मध्ये डॅलसमध्ये पोलिसांनी रोबोटवर स्फोटकं बांधून हल्लेखोराला मारलं, तेव्हा टेक्ससमध्ये असं काही आधी मांडायची गरजच नव्हती. तो निर्णय बरोबर की चूक हा वेगळा वाद. आधी कोणीतरी वाचलं होतं का, एवढंच मी विचारतेय.

@तळ्यातमळ्यात, एक राहिलं. अहवाल आल्यापासून ३० दिवसांत खात्याला एक जाहीर बैठक घ्यावी लागते, जिथे लोक आरामात प्रश्न विचारू शकतात. तुमच्याकडे झाली का? आमच्याकडे ती कामाच्या दिवशी दुपारी दोनला ठेवली होती, आणि मग 'कोणी आलंच नाही' असं अहवालात लिहिलं.

तळ्यातमळ्यात

सगळ्यांचे मनापासून आभार. शोधलं. बैठक झाली होती, सूचना फक्त पोलीस खात्याच्या पानावर होती. रायफली यादीत खरंच नाहीत. तर असं बोलायचं ठरवतेय:

'मी इथली रहिवासी आहे. चार प्रश्न. चिलखती गाडी गेल्या वर्षी किती वेळा आणि कशासाठी बाहेर काढली, आणि त्या प्रत्येक वेळी दुसरा कोणता पर्याय पाहिला? ड्रोनच्या खर्चात कर्मचाऱ्यांचा वेळ आणि प्रशिक्षण धरलंय का? जाहीर बैठकीला किती लोक आले आणि सूचना कुठे दिली होती? खात्याकडे गस्तीच्या रायफली किती आहेत आणि त्या या अहवालात का नाहीत?'

कसं वाटतं? नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला मुलांना सांभाळतो, जा.

जुना गडी

उत्तम. फक्त रायफलींचा प्रश्न पहिला घ्या. पुष्कळ वक्ते असले तर महापौर तीनची दोन मिनिटं करतात आणि वेळ संपली की माईक बंद होतो. बैठकीचा प्रश्न आज रात्रीच ईमेलमध्ये टाका, तिथे बोलायची गरज नाही. आणि ज्यांची उत्तरं मिळणार नाहीत त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी पब्लिक रेकॉर्ड्स कायद्याखाली अर्ज करा. आपल्या माहिती अधिकारासारखंच आहे, पण दहा रुपयांचं तिकीट लागत नाही. कागद देणार की नाही हे त्यांना साधारण १० दिवसांत कळवावं लागतं.