शिक्षा भोगून झाली, मग अपील निकामी होतं का?

राजवाडा_इंदूर: सेशन कोर्टाची चार वर्षं आणि दंड. अपील हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात ॲडमिट (सुनावणीसाठी दाखल) आहे, पण नंबर लागायच्या आतच शिक्षा संपून माणूस सुटला. वकीलसाहेब म्हणतात, "अब कुछ बचा नहीं, वापस ले लेते हैं." सरकारी नोकरी याच निकालावर गेली आहे. मागे घ्यावं का?

खंडपीठकर: मुळीच नको! निकामी होतो तो शिक्षा स्थगित करा म्हणणारा अर्ज (बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४३०; जुन्या सीआरपीसीत ३८९). स्थगित करायला शिक्षाच उरली नाही. अपील मात्र दोषी ठरवण्याविरुद्धही असतं आणि नोकरी गेली ती त्या ठपक्यापायी. तो पुसायची वाट अपिलातूनच जाते.

घात होतो तो सुनावणीला. "दोषसिद्धीवर बोलायचं नाही, भोगली तेवढीच शिक्षा ठेवा," असं वकील म्हणाले की ठपका कायम. म्हणून आजच लेखी कळवा की दोषसिद्धीवरच युक्तिवाद हवा. वकील आले नाहीत एवढ्यावरून ॲडमिट झालेलं अपील फेटाळता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने बानी सिंग प्रकरणात १९९६ मध्ये सांगितलं आहे. पण रेकॉर्ड वाचून, तुमची बाजू न ऐकताच निकाल लागू शकतो.

पलासिया१: अपील खरोखर संपतं ते अपीलकर्ता वारल्यावर (कलम ४३५, जुनं ३९४). तिथेही आई-वडील, नवरा-बायको, मुलं-नातवंडं, भाऊ-बहीण यांपैकी कुणीही मृत्यूपासून ३० दिवसांत अपील पुढे चालवायची परवानगी मागू शकतं. तेराव्यापर्यंत घरात कुणाला कोर्ट आठवत नाही, मग मृत्यूदाखल्याची वाट, आणि मुदत हुकते. दंडाच्या शिक्षेविरुद्धचं अपील मृत्यूनेही संपत नाही. कैद आणि दंड एकत्र असतील तरी हेच.

राजवाडा_इंदूर: अपिलाच्या मेमोवर (अर्जावर) पत्ता जेलचाच आहे. चालेल?

खंडपीठकर: नाही. नोटीस जेलवर जाईल आणि "बंदी रिहा" (कैदी सुटला) शेरा घेऊन परत येईल. सुटकेचा दाखला जोडून घरच्या पत्त्याचा अर्ज द्या. दंड भरल्याची पावती जपा, निर्दोष ठरल्यास परतावा मागताना लागते. आणि वकील विधी सेवेचे (सरकारी मोफत मदतीचे) असतील तर हेही बघा: कैदी म्हणून मिळणारा हक्क सुटकेबरोबर संपतो. पुढे उत्पन्न, अनुसूचित जाती-जमाती, अपंगत्व असा दुसरा आधार दाखवावा लागेल.