मदत हवी आहे: कॉलेजचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये चालेल की नाही, कसं ओळखायचं?
मंडळी, अमेरिकन फुटबॉल मनापासून बघणारं कुणी आहे का इथे? जामार्कस रसेलचा हात तोफेसारखा. २००७ च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएलचे संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात तेव्हा) पहिलाच निवडला गेला आणि तीन मोसमांत बाहेर. आणि पुढे महान ठरलेला टॉम ब्रेडी २००० साली थेट १९९वा! बरं, अचूकता बघावी, तर जॉश ॲलनचे वायोमिंग विद्यापीठाकडून खेळताना जेमतेम ५६ टक्के पास पूर्ण व्हायचे, आणि एनएफएलच्या २०२४ च्या मोसमाचा एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू) तोच. मला वाटतं, बचावपटू अंगावर येत असताना पहिला रिसीव्हर (पास झेलणारा) अडकलेला दिसला की नजर दुसऱ्याकडे किती पटकन वळते, खरी परीक्षा तिथेच. पण टीव्हीवर लांब पळणारे रिसीव्हर चौकटीबाहेर जातात. मग तुम्ही हे कसं टिपता? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, प्लीज.