मदत हवी आहे : ओव्हरड्राइव्ह दाबताच बासचा खर्ज जातो, शिवाय बोर्डातून बारीक आवाज येतो

मंद्रसप्तक
नमस्कार. बास गिटारसाठी पेडलबोर्ड, म्हणजे पायाने दाबून आवाज बदलणाऱ्या पेडलांची फळी, जुळवत आहे. ट्यूनर, कॉम्प्रेसर (आवाजाची पातळी सारखी ठेवणारा), ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडून दाणेदार करणारा), ऑक्टेव्ह (खालच्या सप्तकातला सूर जोडणारा) आणि कोरस (आवाज दाट करणारा) असे पेडल प्लायवूडच्या फळीवर वेल्क्रोने बसवले आहेत. घरी एकटीने वाजवताना सगळे उत्तम वाटते, पण तालमीत ओव्हरड्राइव्ह दाबला की बास ऐकूच येत नाही आणि आमचा गिटारवादक थांबून विचारतो, "तू वाजवते आहेस ना?" त्यातच बोर्ड जोडल्यापासून एक बारीक आवाज सतत येत राहतो. शनिवारी पुण्यात कार्यक्रम आहे. यांतला नेमका कोणता पेडल बदलावा एवढेच कृपया सांगावे.

सोल्डर_आणि_सूर
सांगता येईल, पण आधी काही गोष्टी कळायला हव्यात. ओव्हरड्राइव्ह नेमका कोणता आहे, तो बाससाठी बनवलेला आहे की गिटारसाठी? पेडलांना वीज कशी देता, प्रत्येकाला वेगळी की एकाच अडॅप्टरला फांद्या काढून? बोर्डातून पुढे आवाज फक्त अँपला जातो की मिक्सरलाही? आणि बारीक आवाज म्हणजे शिट्टी की खालच्या सुरातली घरघर? या दोन्हींची कारणे वेगवेगळी असतात.

खालची_तार
माझा सल्ला विचाराल तर सुटे पेडल विकून टाका आणि झूम बी१ फोरसारखा एक मल्टिइफेक्ट, म्हणजे अनेक पेडलांचे काम करणारा एकच पेडल, घ्या. एकच अडॅप्टर, एकच केबल, आणि प्रत्येक गाण्यासाठी वेगळा पॅच आधीच साठवून ठेवता येतो. ऑर्केस्ट्रात वाजवताना दोन गाण्यांच्या मध्ये वाकून बटणे फिरवायला वेळ कोणाकडे असतो?

मंद्रसप्तक
पेडल विकायचे नाहीत. बास साधा पॅसिव्ह (आत बॅटरीवरचे सर्किट नसलेला), चार तारांचा आहे. ओव्हरड्राइव्ह हिरव्या खोक्याचा आहे, ट्यूब स्क्रीमर या गिटारच्या प्रसिद्ध ओव्हरड्राइव्हच्या सर्किटवर बांधलेला, गिटारवादकाने दिला. सगळ्या पेडलांना फांद्या काढून एकच अडॅप्टर आहे, नऊ व्होल्ट, दोन अँपिअरचा, म्हणजे वीज कमी पडण्याचा प्रश्न नाही. शिट्टी नेहमीच येते. घरघर फक्त सभागृहात येते.

सोल्डर_आणि_सूर
आता चित्र स्पष्ट झाले. आधी खर्जाचे पाहू, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच आहे.

ट्यूब स्क्रीमरचे सर्किट गिटारसाठी रचलेले आहे. त्यात जो भाग आवाज वाढवतो आणि फाडतो, त्याची वाढ साधारण ७२० हर्ट्‌झच्या खाली उतरत जाते, म्हणजे मधल्या पट्टीला भरपूर उचल मिळते आणि खर्ज जिथल्या तिथे राहतो. आता बासकडे पाहा. मोकळी ई तार ४१.२ हर्ट्‌झवर वाजते, मोकळी जी तार ९८ वर, आणि त्याच जी तारेचा चोविसावा फ्रेट दाबला तरी मूळ सूर ३९२ पर्यंतच पोहोचतो. याचा अर्थ तुमच्या वाद्यावरचा एकही मूळ सूर त्या पेडलच्या जोमाच्या पट्ट्यात येत नाही. येतात ते फक्त वरचे स्वनक (मूळ सुरासोबत आपोआप उमटणारे उंच सूर), आणि तिथे तर गिटार आधीच बसलेली आहे. घरी एकटे वाजवताना ते वरचे स्वनक खुलून येतात म्हणून आवाज छान वाटतो, बँडमध्ये मात्र तेच झाकले जातात.

त्यामुळे पेडल फेकण्याची गरज नाही. त्याच्या शेजारून स्वच्छ खर्ज वाहत राहील अशी वाट हवी. बाससाठीच्या ड्राइव्हमध्ये ती सोय आतच असते. बॉस ओडीबी-३ मध्ये त्यासाठी बॅलन्सचे बटण आहे. हिरवा पेडल ठेवायचा असेल तर बॉस एलएस-२ घ्या; तो सिग्नल ए आणि बी अशा दोन वळणांतून (सेंडमधून बाहेर, रिटर्नमधून परत) फिरवून पुन्हा एकत्र करतो. त्याच्या ए वळणात ड्राइव्ह लावा, बी वळणाचे सेंड आणि रिटर्न एका छोट्या केबलने जोडा आणि दोन्ही एकत्र मिसळणारा मोड निवडा.

जुना_बासवाला
एवढ्या यंत्रांची खरोखर गरज आहे का, याचा विचार व्हावा. बासवादक जेम्स जेमरसन यांनी मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीची ती बहुतेक गाणी फ्लॅटवाउंड (चपट्या वेटोळ्याच्या, गुळगुळीत) तारांच्या फेंडर प्रिसिजन बासवर वाजवली, तेव्हा पायाशी पेडलबोर्ड नव्हता. तुम्ही तारा कोणत्या वापरता? फ्लॅटवाउंड लावून पाहाव्यात, खर्ज आपोआप भरीव होतो.

सोल्डर_आणि_सूर
जेमरसन यांच्याबद्दल आदर आहेच, पण त्यांना ड्राइव्हचा आवाज नको होता आणि यांना हवा आहे. फ्लॅटवाउंड तारांत वरचे स्वनक कमी असतात, म्हणजे या ड्राइव्हला फाडायला आणखीच कमी उरेल.

जुना_बासवाला
माझा मुद्दा ड्राइव्हविरुद्ध नाही. वाद्याचा मूळ आवाज पक्का नसेल तर पुढच्या कोणत्याही पेडलने तो पक्का होत नाही, हे मी अनेक तरुण वादकांच्या बाबतीत पाहिले आहे आणि त्यावर ठाम आहे.

मंद्रसप्तक
तारा नव्या राउंडवाउंड (गोल वेटोळ्याच्या, खरबरीत) आहेत आणि ड्राइव्ह न दाबता आवाज भरीवच येतो. कृपया शिट्टीबद्दल कोणी सांगेल का? दोन अँपिअर पुरत नाहीत का?

वीजतंत्री_मिरज
अँपिअरचा इथे संबंध नाही. पेडल स्वतःला लागेल तेवढाच प्रवाह ओढतो, त्यामुळे अडॅप्टरची क्षमता जास्त असली तर बिघडत नाही; जपायचे ते व्होल्टेज आणि प्लगची दिशा. तुमची अडचण सामाईक तारेत आहे. एका अडॅप्टरच्या फांद्यांवर सगळे पेडल लावले की त्यांची ऋण तार एकच होते, आणि डिजिटल पेडलच्या घड्याळाचा, म्हणजे आतल्या ठोके देणाऱ्या सर्किटाचा, गोंगाट तिच्यावाटे शेजारच्या पेडलांत शिरतो. कॉम्प्रेसर शांत क्षणी पातळी वर उचलतो, म्हणून तीच शिट्टी आणखी मोठी होते. कोरस डिजिटल आहे का? परीक्षा सोपी आहे : कोरसची फांदी काढून त्यात नऊ व्होल्टची बॅटरी घाला. शिट्टी थांबली तर चोर सापडला, आणि मग वेगवेगळे आयसोलेटेड (एकमेकांपासून तोडलेले) आउटपुट असलेला वीजपुरवठा घ्यावा लागेल.

खालची_तार
सभागृहातल्या घरघरीवर स्वस्त उपाय आहे. अँपच्या प्लगची जाड, तिसरी पिन काढून टाकायची किंवा दोन पिनांचा कनव्हर्टर लावायचा. आम्ही गणेशोत्सवात नेहमी असेच करतो.

वीजतंत्री_मिरज
हा सल्ला कोणीही पाळू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ती अर्थिंगची पिन आहे. अँपमध्ये बिघाड होऊन धातूच्या खोक्यात वीज उतरली, तर त्या पिनेवाटे ती जमिनीत जाते. पिन नसेल तर तीच वीज केबलच्या जाळीवरून तुमच्या तारांपर्यंत येते, आणि तुमचे ओठ मिक्सरला जोडलेल्या माइकला लागले की शरीरातून वाट काढते. जनरेटरवरच्या मांडवात अर्थिंग धड असेलच याची खात्री नसते, तिथे तर हा खेळ जिवावर बेतू शकतो.

घरघर येते कारण अँप आणि मिक्सर दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी अर्थिंग मिळते आणि मधल्या केबलमुळे त्यांचे वर्तुळ पूर्ण होते. ते डीआय बॉक्सवर, म्हणजे बासचा सिग्नल मिक्सरला देणाऱ्या छोट्या खोक्यावर, तोडायचे असते. त्यावर ग्राउंड लिफ्ट नावाचे बटण असते. त्याने फक्त सिग्नल केबलची जाळी सुटते, विजेचे अर्थिंग शाबूत राहते. शक्य असेल तर अँप आणि बोर्डाची वीजही मिक्सरच्याच एक्स्टेन्शनवरून घ्या.

खालची_तार
आजवर आम्हाला कधी धक्का बसला नाही, तरी तुमचे म्हणणे पटते. ग्राउंड लिफ्टचा उपयोग मला ठाऊक नव्हता, आमच्या डीआयवर ते बटण आहे.

मंद्रसप्तक
कोरस बॅटरीवर लावला आणि शिट्टी तत्काळ थांबली. शनिवारपुरती बॅटरी चालेल, आयसोलेटेड पुरवठा नंतर घेईन. एका मित्राकडून एलएस-२ आणला असून सोल्डर_आणि_सूर यांनी सांगितल्याप्रमाणे जोडला. खर्ज परत आला आहे, पण दोन्ही वळणांची पातळी किती ठेवावी ते उमगत नाही. ऑक्टेव्ह ड्राइव्हच्या नंतर आहे, तो तिथेच असावा का?

सोल्डर_आणि_सूर
आधी ए वळणाची पातळी शून्यावर आणा. बी वळण इतके ठेवा की एलएस-२ दाबला काय आणि न दाबला काय, आवाज तेवढाच राहील. मग बँड चालू असताना ए हळूहळू चढवा आणि दाणेदारपणा कानाला जाणवू लागला की तिथेच थांबा. एकटीने वाजवून ही पातळी ठरवू नका. ए चढवताना खर्ज वाढण्याऐवजी घटू लागला, तर ड्राइव्ह सिग्नल उलटा करतो आहे आणि दोन्ही वाटा एकमेकींना खोडत आहेत असे समजावे. काही सर्किटांत तसे होते.

ऑक्टेव्ह मात्र हलवा. साधा अ‍ॅनालॉग ऑक्टेव्ह एका वेळी एकच सूर ओळखतो आणि फाटलेल्या आवाजात त्याला सूर सापडत नाही, म्हणून त्याची जागा कॉम्प्रेसरनंतर आणि एलएस-२ च्या आधी. तो चालू असताना तळाच्या फ्रेटवर वाजवणे टाळा. मोकळ्या ई तारेचा खालचा सप्तक २०.६ हर्ट्‌झवर जातो. सभागृहातले स्पीकर तो सूर वाजवू शकत नाहीत, नुसता कोन हलतो. सातव्या फ्रेटच्या वर वाजवलेत तर तोच पेडल खणखणीत बोलेल.

मंद्रसप्तक
ऑक्टेव्ह हलवला. सातव्या फ्रेटपासून वर सूर अजिबात अडखळत नाही. उद्याच्या तालमीत ए वळणाची पातळी बँडसोबत लावते आणि सभागृहाच्या ध्वनिव्यवस्थापकांना ग्राउंड लिफ्टबद्दल आजच फोन करते.