पेर्नकोप्फचा ॲटलस भाचीला द्यावा का?

खाडीकाठ (गुहागर): भाचीला एमबीबीएसला प्रवेश मिळालाय. "मामा, ॲनाटॉमीला कुठलं पुस्तक घेऊ?" विचारते. माझ्या ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या वासात पेर्नकोप्फच्या शरीररचनेच्या चित्रांच्या ॲटलसचे दोन खंड आहेत. मज्जातंतूंची इतकी बारीक चित्रं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. पण एडुआर्ड पेर्नकोप्फ कट्टर नाझी, १९३८ पासून व्हिएन्नाच्या वैद्यकीय शाखेचा डीन. मृत्युदंड दिलेल्या किमान १३७७ जणांचे देह त्या शरीररचना विभागात आल्याचं विद्यापीठाच्या १९९८ च्या चौकशीत निघालं. कुठलं चित्र कोणाच्या देहावरून काढलं, कोण सांगणार? मी म्हणतो, द्यावं, पण सगळं सांगून.

दर्यासारंग: अजिबात नको. आमच्या बाबांनी देहदान केलं. फॉर्म आठवडाभर देव्हाऱ्यापाशी पडून होता, आईचा सहीला हात होईना. शेवटी केली, ती बाबांची इच्छा होती म्हणून. व्हिएन्नात नाझींना विरोध केला म्हणून गिलोटिनखाली गेलेल्यांना कोणी फॉर्म दिला होता?

टाकेवाला (चिपळूण): मान्य. पण ट्रॉलरच्या विंचमध्ये हात गेलेला खलाशी रात्री दोनला समोर येतो, तेव्हा मला शीर कुठून जाते ते पाहिजे असतं. हा ॲटलस वापरावा का, हाच प्रश्न अमेरिकेतल्या सुझन मॅकिनन या सर्जननाही पडला. छळछावणीतून लहानपणी वाचलेले रब्बी जोसेफ पोलाक यांनी २०१७ मध्ये उत्तर दिलं: जीव वाचत असेल तर वापरा, मात्र चित्रं कुठून आली ते लपवू नका.

दर्यासारंग: ते ऑपरेशन टेबलावरचं झालं डॉक्टर. इथे प्रश्न पहिल्या वर्षाच्या पोरीला भेट देण्याचा आहे. मामाने दिलेलं पुस्तक म्हणजे मामाची शिफारस.

वेंगुर्लेकार: गजाली ऱ्हवांदेत. चेडवाक आधी पास होवक व्हया, त्याका कॉलेजातली पुस्तकां पुरी!

खाडीकाठ: वेंगुर्लेकार, हसलो, पण खरं आहे. परीक्षेला ते लागतच नाही. मलाच मिरवायचं होतं बहुतेक. दर्यासारंग, तुमचा मुद्दा लागला. खंड ट्रंकेतच राहू देत, पुढे सर्जरीला गेली तर बघू.

काल भिंग घेऊन बसलो होतो. ॲटलसचा एक चित्रकार लेपिएर सहीशेजारी नाझी चिन्ह काढायचा (आपल्या उंबऱ्यावरचं स्वस्तिक नव्हे), पुढच्या आवृत्त्यांत ते पुसलं. माझ्या प्रतीत सही आहे, शेजारी कोरा कागद.