स्टेनलेस स्टीलचा शोध नेमका कुणाचा?

प्रश्न: कुठे इंग्लंडच्या हॅरी ब्रिअर्लींचं नाव येतं, कुठे क्रुप या जर्मन पोलाद कंपनीचं. शिवाय क्रोमियममुळे लोखंड आम्लाला दाद देत नाही हे फ्रेंच संशोधक बर्तिए यांना १८२१ मध्येच दिसलं होतं. मग मधली नव्वद वर्षं कशात गेली?

प्रतिसाद १: कार्बनमध्ये. तेव्हाच्या क्रोमियममध्ये तो फार असे, त्यामुळे पोलाद ठिसूळ व्हायचं. १८९०च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ गोल्डश्मिट यांनी ॲल्युमिनियम वापरून जवळजवळ कार्बनविरहित क्रोमियम काढलं, तिथून वाट मोकळी झाली.

प्रतिसाद २: ब्रिअर्ली आणि क्रुप, दोघांची पोलादंच वेगळी आहेत. ब्रिअर्ली शेफील्डला बंदुकीच्या नळ्यांच्या झिजेवर काम करत होते. १९१३चं त्यांचं पोलाद १२.८ टक्के क्रोमियम, ०.२४ टक्के कार्बनचं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी नमुन्यावर आम्ल लावलं, तर ते चढेचना! हे पोलाद पाणी देऊन कडक होतं, म्हणून सुऱ्यांना उत्तम. क्रुपच्या माउरर आणि स्ट्राउस यांचं १९१२चं पोलाद निकेलचं. ते तसं कडक होत नाही. १८-८ (१८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल) त्याच घराण्यातलं.

प्रश्नकर्ता: वेल्डच्या कडेला गंज चढतो, तोही कार्बनमुळेच?

प्रतिसाद २: बऱ्याचदा हो. ४५० ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये धातू रेंगाळला की कणांच्या सीमेवर क्रोमियम कार्बाइड साचतं, शेजारचं क्रोमियम घटतं आणि तिथे गंज चढतो. जाड कामाला ३०४एल हा १८-८चा कमी कार्बनचा प्रकार घ्या, त्यात कार्बन ०.०३ टक्क्यांपर्यंतच असतो.